टायटाच्या घरासाठी आलेले अर्ज

५ मार्च २०२४, मंगळवार

हुइया आज परत आली. दर महिन्याला ब्लड प्रेशरच्या गोळ्या न्यायला फार्मसीत येते, पण गोळ्या मिळाल्या तरी काउंटरवरून हलत नाही. रिटायर्ड शाळामास्तरीण, माओरी, सत्तरीची. मागे लाइन लागली तरी हिचं चालूच.

आज म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला गोळी कशी घ्यायची ते तू तीनदा सांगितलंस. एकदाही आवाज चढवला नाहीस. माझ्या वर्गात ये शिकवायला."

वर्ग म्हणजे लायब्ररीच्या मागच्या खोलीत, शनिवारी सकाळी दोन तास. या देशात कुणाकडे घर आहे, कुणाकडे नाही, आणि ते तसं का झालं, असा विषय. इतिहास ती सांगणार. मॉर्गेज कसं मिळतं, बँक काय बघते, हे सांगायला तिला कुणीतरी हवंय. आम्ही लोअर हटमध्ये दोन घरं घेतली, एक राहायला, एक टायटा भागात भाड्याने द्यायला, म्हणून एवढं मला कळतं. हो म्हणून बसले.

अविला सांगितलं. नवऱ्याचा पहिला प्रश्न: "फुकट?"

फुकट.

९ मार्च, शनिवार

पहिला वर्ग. पंधराएक माणसं. माओरी बायका जास्त, एक सामोअन जोडपं, दोन-तीन गोरे पेन्शनर. बिस्किटं बरी होती.

हुइयाने फळ्यावर हटची नदी काढली, तिच्या बाजूला एक चौकोन. "ही माझ्या आजोबांची जमीन. सरकारने रस्त्यासाठी घेतली. रस्ता दुसरीकडून गेला. जमीन परत आली नाही. आता तिथे टाउनहाउसेस आहेत, छान आहेत." सगळं एखादी पाककृती सांगावी तशा आवाजात.

मग सगळ्यांना एकेक कागद. तीन घरं काढा. आजी-आजोबांचं, आईबापांचं, तुमचं. प्रत्येकाखाली लिहा: ते कुणाच्या मदतीने झालं.

रॉजर म्हणून एक पेन्शनर आहे. तो म्हणाला, माझे वडील युद्धावरून परत आले, तेव्हा सरकारने स्वस्तात कर्ज दिलं, त्यावर घर बांधलं. हुइया म्हणाली, "माझे आजोबा त्याच युद्धात होते. तेही मागायला गेले होते. साहेब म्हणाला, तुम्हाला काय गरज, तुमच्या लोकांची जमीन आहे की."

रॉजरने पेन खाली ठेवलं. नंतर बराच वेळ उचललं नाही.

माझी पाळी. डिपॉझिट, व्याज, फिक्स्ड, फ्लोटिंग. एका बाईने विचारलं, डिपॉझिट आणायचं कुठून? मी म्हटलं, सेव्हिंग. सगळी खोली हसली. वाईट हसली नाही, पण हसली.

माझा कागद कोराच राहिला.

१० मार्च, रविवार

कागद घेऊन बसले. आजोबांचं मिरजेतलं भाड्याचं. बाबांचा कोथरूडचा फ्लॅट. आमचं हे.

आमच्या घराखाली काय लिहायचं? अवि कुणीही भेटलं की सांगतो, दोन बॅगा घेऊन आलो. बॅगा दोनच होत्या, खरं आहे. पण बाबा गेल्यावर कोथरूडचा फ्लॅट विकला आणि त्याचं इथे डिपॉझिट झालं, हे तो सांगत नाही. मीही कधी सांगितलं नव्हतं. खोटं बोललो असं नाही. विषयच काढला नाही.

लिहिलं: बाबा. कागद पर्समध्ये टाकला.

१८ मार्च, सोमवार

टायटाच्या घरासाठी एजंटने अर्ज पाठवले. सकाळी मी बूट घालत होते, अवि टेबलावरून मोठ्याने वाचत होता. दोनच धड निघाले. एक बाई, हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट, दोन मुली, जुन्या घरमालकाचं पत्र चांगलं. तो घर विकतोय म्हणून ही बाहेर. दुसरं पुण्याचं जोडपं, नकुल आणि सायली. तो आयटीत. इथे येऊन सहा आठवडे, इथला एकही रेफरन्स नाही.

अवि: "आपली माणसं आहेत. फार तर भिंतीला फोडणीचा वास लागेल."

त्या बाईचं नाव माओरी. अना-असं काहीतरी, आडनाव लांबलचक. अविने दोनदा वाचायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा भलतंच झालं. हसलो. मला ट्रेनला उशीर होत होता.

"चालेल," म्हटलं.

२३ मार्च, शनिवार

तिसरा वर्ग. आता मलाही जमायला लागलंय. कर्जाचा अर्ज नाकारला तर पत्रातली कुठली ओळ बघायची, हे सांगितलं. दोघींनी लिहून घेतलं.

हुइया म्हणाली, "तुझी माणसं आण. ती घरं घेतात, भाड्याने देतात. त्यांना या खोलीत काय चाललंय ते कळू दे."

मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांचे अंगठे. माणसं किती येतात बघू.

६ एप्रिल, शनिवार

आले. नऊ जण. दातार, मंडळाचे अध्यक्ष, स्वतः. अवि पण आला, मला वाटलं कौतुकाने आलाय.

हुइयाने "किआ ओरा" म्हटलं, आमच्यातल्या दोघांनी नमस्कार केला, सगळे हसले, तिथपर्यंत छान.

तीन घरांचे कागद वाटल्यावर दातारांनी घरं काढलीच नाहीत. म्हणाले, "इंग्रजांनी आम्हालाही लुटलं. दीडशे वर्षं. आम्ही रडत बसलो नाही. शिकलो, इथे आलो, उभे राहिलो."

हुइया म्हणाली, "मग तुम्हाला तर हे सगळ्यात आधी कळायला हवं."

मग अविने तोंड उघडलं. मला कळलं काय येणार ते. दोन बॅगा. रात्रपाळीची नोकरी. डबा घरचा, कॉफी कधी बाहेर प्यायलो नाही. कोणी मदत केली नाही. "एनीबडी कॅन डू इट."

समोर ती डिपॉझिटचं विचारणारी बाई बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या पर्समध्ये कागद होता, त्यावर बाबा लिहिलेलं. मी बिस्किटांची प्लेट उचलून पलीकडच्या टेबलावर नेली.

सगळे गेल्यावर हुइया आणि मी कप धुतले. ती धूत होती, मी पुसत होते. ती रागावली असेल असं वाटलं होतं. ती दमली होती. म्हणाली, "माझी भाची अनाहेरा. हॉस्पिटलात काम करते. टायटात एक घर मिळेल असं वाटत होतं. पगार बसत होता, पत्र होतं, सगळं होतं. विमानातून कालपरवा उतरलेल्या कुणाला तरी दिलं. आता आईच्या गॅरेजमध्ये राहते, दोन मुली घेऊन."

मी विचारलं, कुठल्या गल्लीत. माहीत होतं तरी विचारलं.

तिने सांगितलं.

कप पुसत राहिले. तोच कप, किती वेळ कोण जाणे.

७ एप्रिल, रविवार

मेल काढून बघितली. तीच.

अविला सांगितलं. तो लॉन कापून आला होता, घामाघूम.

"योगायोग आहे. माओरी म्हणून आपण नाही म्हटलेलं नाही."

"मग कशामुळे म्हटलं?"

"उत्पन्न बघितलं."

"तिचं पुरत होतं. नकुलला तर इथला एक रेफरन्स नव्हता."

"आपल्या माणसाला मदत केली, मृदुला. गुन्हा केला का?"

आपली माणसं. बाबा हाच शब्द वापरायचे. कोथरूडची सोसायटी 'आपल्या माणसांची' होती. बाबा कमिटीवर. त्यांच्याच ऑफिसातले कांबळे काका, त्याच हुद्द्यावर, तेवढाच पगार, माझ्या दहावीच्या निकालाला पेढे घेऊन आले होते. निघताना दारात म्हणाले, साहेब, एक फॉर्म मिळाला असता तर. बाबा म्हणाले, फॉर्म संपले हो.

फॉर्म कपाटात होते. मीच खालच्या खणात ठेवले होते, बाबांनी सांगितलं म्हणून.

त्या फ्लॅटची किंमत वाढत गेली. त्याचं हे घर झालं, आणि याच्यावर कर्ज काढून टायटाचं. कांबळे काका पुढे कुठे राहिले? त्यांची मुलगी माझ्याच वयाची होती. नाव आठवत नाही. कधी विचारलं असेल असंही वाटत नाही.

हे अविला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. श्रीखंड पातळ झालं. दुकानात फ्लूच्या इंजेक्शनांचा सीझन सुरू, दिवसभरात श्वास घ्यायला फुरसत नाही. संध्याकाळी लेक, इरा, जेवायला आली. वेलिंग्टनला युनिव्हर्सिटीत असते, आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते.

तिला सगळं सांगितलं. कांबळे काकासुद्धा.

"आई, यू हॅव टु टेल हर."

"हो गं, सांगते."

"नो. लाइक, धिस वीक."

अविला काही बोलली नाही. त्याच्याशी क्रिकेटवर बोलली. जाताना मला मिठी नाही.

२० एप्रिल, शनिवार

सांगितलं. वर्गानंतर, लायब्ररीच्या पायऱ्यांवर. दक्षिणेचा गार सदर्ली वारा सुटला होता, हुइया कोटाची बटणं लावत होती. मी बोलत असताना तिने सगळी लावली, मग वरचं काढून परत लावलं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी तयारी करून गेले होते त्याची.

म्हणाली, "मी विचारायच्या आधी सांगितलंस. बरं." मग, "अनाहेराला मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे." शेवटी, "त्या बायकांना तू बँक काय बघते ते सांगतेस. घरमालक काय बघतो तेही सांग."

"वर्गात?"

"मग कुठे?"

नेहमी गालाला गाल लावते निघताना. आज हात हलवला.

२८ एप्रिल, रविवार

अवि: "माझं नाव घ्यायचं नाही."

मी: "तू माझा नवरा आहेस हे सगळ्यांना ठाऊक आहे."

अवि: "मग बोलूच नकोस. दातार येतात तिथे. उद्या त्यांच्या समोर उभं राहायचंय मला." मग, "मी पण इथे कमी ऐकून घेतलंय का? सुरुवातीला माझं नाव बघून कितीजणांनी इंटरव्ह्यूला बोलावलं नाही, विसरलीस?"

विसरले नाही. तेव्हा तो रोज पोस्ट बघायला तीनदा खाली जायचा. मी म्हटलं, "तुला तर माहीत आहे मग कसं वाटतं."

तो उठून गेला. चहा तसाच.

४ मे, शनिवार

बोलले.

दातार नव्हते. मंडळातल्या तिघी होत्या, रॉजर, नेहमीच्या बायका. मी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले. आधी कागद काढला, बाबा लिहिलेला, तो दाखवला. फ्लॅट सांगितला. कांबळे काका सांगितले, त्यांना फॉर्म का दिला नाही हे इंग्रजीत समजावताना जीभ अडखळली. मग टायटाचं घर. सकाळ, बूट, दोन अर्ज. नाव वाचता आलं नाही आणि आम्ही हसलो, तेही सांगितलं. ते सांगायचं ठरलं नव्हतं.

आमच्यातली एक हळूच मराठीत म्हणाली, "कशाला हे सगळं चव्हाट्यावर."

मागच्या रांगेत हॉस्पिटलच्या युनिफॉर्ममध्ये एक बाई उभी होती. शिफ्ट संपवून थेट आलेली, गळ्यात ओळखपत्र. दोन दिवसांपूर्वीच हुइयाकडून अनाहेराचा नंबर घेतला होता, फोनवर सगळं सांगितलं होतं, शनिवारी बोलणार हेही. ती ऐकून "ओके" म्हणाली होती आणि फोन ठेवला होता. येईल असं वाटलं नव्हतं. चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तरी कळलं.

ती म्हणाली, "कसं म्हटलं होतंत?"

"काय?"

"माझं नाव. त्या दिवशी."

सगळी खोली माझ्याकडे.

"आता म्हणा."

"अनाहेरा," म्हटलं.

"आडनाव?"

तेही म्हटलं. नीट आलं. आदल्या दिवशी फार्मसीच्या मागच्या खोलीत म्हणून बघितलं होतं, औषधांच्या खोक्यांसमोर.

"येतंय की," ती म्हणाली. आणि गेली.

हुइया तिच्यामागे गेली. वर्ग रॉजरने बंद केला, म्हणजे खुर्च्या गोळा केल्या. डिपॉझिटवाल्या बाईने माझा कप धुतला.

१२ मे, रविवार

दातारांचा फोन अविला. मला नाही. मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा मंजिरीकडे देतायत, "मृदुलाताईंना वेळ नसेल." मंजिरीने मेसेज टाकला: सॉरी गं, पण तू असं आपल्याच लोकांना.

पूर्ण केला नाही तिने.

अवि बोलतो. मीठ दे, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला का, एवढं.

१५ जून, शनिवार

वर्ग चालू आहे. मंडळातलं कोणी येत नाही. हुइया मला आता नीट वागवते, म्हणजे पाहुण्यासारखं. चहा आणून देते. पूर्वी म्हणायची, उठ, तुझा तू घे.

दुकानात गोळ्या न्यायला मुलाला पाठवते.

आज दोन तरुण मुली नव्या आल्या. घरं काढा म्हटल्यावर एकीने पहिले दोन चौकोन भरले आणि तिसऱ्यात गाडी काढली. ती गाडीत झोपते. मी सेव्हिंगचं काही बोलले नाही.

२७ जुलै, शनिवार

नकुल-सायली चालले. पर्थला नोकरी मिळाली. सगळेच चाललेत ऑस्ट्रेलियाला. लीज संपायच्या आधी सोडू का, विचारत होते, अवि हो म्हणाला. सायलीने घर लखलखीत ठेवलंय, भिंतींना वास बिस काही नाही. चांगली पोरं आहेत. त्यांच्यावर राग काढता येत नाही, हाही एक त्रास.

मी अविला म्हटलं, अनाहेराला विचारू.

"आता तिला दिलं तर दातार म्हणणार, बायकोने नाचवलं. नाही दिलं तर तू म्हणणार." मग म्हणाला, "विकून टाकू. डोक्याला ताप नको."

"विकायचं?"

"माणूस चांगल्यासाठी करायला जातो आणि..." डोळे लाल होते. ते घर घेतलं तेव्हा त्याने स्वतः वरचा पत्रा रंगवला होता, उन्हात, पाठ सोलून निघाली होती. मला त्याची कीव आली. आणि राग आला. दोन्ही.

३० जुलै, मंगळवार

अनाहेराला फोन. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

घर रिकामं होतंय म्हटलं.

ती म्हणाली, "तुमच्या वर्गात सांगायला आता याचा चांगला शेवट हवाय का?"

नाही म्हटलं. खरं तर माहीत नाही.

"माझ्या मुली अजून गॅरेजमध्ये आहेत, म्हणून मी बघायला येते. दुसरं काही नाही. थँक यू म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"आणि एजंट मध्ये असेल. कागद सगळ्यांसारखे. मला उपकार नकोत."

ठेवला.

३ ऑगस्ट, शनिवार

अविने कालच विक्रीच्या एजंटला बोलावलं. सोमवारी दहा वाजता टायटाला येणार, विकलं तर किती येतील ते सांगायला. मला आज सकाळी सांगितलं, ब्रश करता करता. विकायचं झालं तर सही दोघांची लागेल, तेव्हा तू पण हवीस, म्हणाला.

अकराला टायटाला गेले. अनाहेरा आणि तिची आई, हुइयाची धाकटी बहीण, आधीच फाटकाशी उभ्या. मुली आल्या नव्हत्या. "नाही मिळालं तर? म्हणून नाही आणल्या," आई म्हणाली. अनाहेराने तिच्याकडे बघितलं.

दोघींनी दारात बूट काढले. मी म्हटलं, राहू दे. काढलेच. मग मीही काढले.

अनाहेरा एकेक खोलीत गेली, खिडक्या उघडून लावून बघितल्या, भिंतीला हात लावला, ओल आहे का बघायला. नळ सोडला, बंद केला. माझ्याशी बोलली ती फक्त कामाचं. हीटर चालतो? शाळेची बस कोपऱ्यावर थांबते? किती वर्षांसाठी मिळेल?

शेवटच्याला मी म्हटलं, बोलते एजंटशी.

सोमवारचं सांगितलं नाही. इतकं सगळं बोलून झाल्यावर, वर्गात सगळ्यांसमोर उभं राहून झाल्यावर, हे तोंडातून निघेना. वाटलं, मी सही करणारच नाही, मग सांगायचं कशाला. सही करणार नाही हे अविला अजून कुठे सांगितलंय.

आई मागच्या अंगणात गेली होती. कुंपणाजवळ, ऊन येतं त्या पट्ट्यात, मोज्यांवरच उभी. पायाने माती उकरून बघितली.

"बटाटे लावायचे तर आत्ताच. ख्रिसमसला नवे निघतील," म्हणाली. "लावू का?"

अनाहेरा किचनच्या दारात थांबली होती. तीही ऐकत होती मी काय म्हणते.

मी म्हटलं, "लावा."